सोसायटीतला दिव्यांग दिन: सत्काराआधी करायची कामे

कोथरूडमधील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी विचारले आहे की, ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनानिमित्त त्यांच्या समितीला सोसायटीतील दिव्यांग रहिवाशांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करायचा आहे. अर्धांगवायूनंतर चाकाची खुर्ची वापरणारे एक आजोबा, बँकेत नोकरी करणारे एक अंध गृहस्थ, एक कर्णबधिर जोडपे आणि स्वमग्नता (ऑटिझम) असलेला तेवीस वर्षांचा एक तरुण असे पाच जण त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. हा कार्यक्रम चांगला कसा व्हावा आणि नंतर वर्षभर सोसायटीने कोणता आधार द्यावा, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

मी पुण्यात अनेक वर्षे व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) म्हणून काम करतो आणि माझ्या कामाचा मोठा भाग दवाखान्यात नव्हे, तर लोकांच्या घरी, जिन्यात, वाहनतळात आणि सोसायटीच्या सभांत होतो. त्या अनुभवावरून मी प्रथम एवढेच सुचवेन की सत्कार या वर्षी करू नये. या पाच जणांनी अद्याप असे काहीही मागितलेले नाही ज्याचे उत्तर शाल हे असेल, आणि व्यासपीठावर बसवून टाळ्या वाजवल्या की आपले कर्तव्य झाले अशी समजूत सभासदांमध्ये नकळत तयार होते. त्याऐवजी आतापासून ३ डिसेंबरपर्यंत दोन किंवा तीन ठोस कामे पुरी करावीत आणि त्या दिवशी ती सर्वांनी मिळून वापरावीत. कोणती कामे घ्यायची, हे त्या पाच जणांनी ठरवावे. समितीत त्यांच्यापैकी निदान एकाला निमंत्रित सदस्य म्हणून घेतले तर हे ठरवणे सोपे जाते.

विचारायला कसे जावे, हेही महत्त्वाचे आहे. पाच जण समितीच्या कार्यालयात बोलावून 'तुमच्या अडचणी सांगा' असे म्हटले तर बहुतेक जण 'काही नाही, सगळे ठीक आहे' असेच म्हणतात. शेजाऱ्यांना त्रास देणारा म्हणून आपण ओळखले जाऊ नये, ही भीती त्यामागे असते. समितीतील एकाने प्रत्येकाच्या घरी जावे आणि घराच्या दारापासून फाटकाबाहेर रिक्षा मिळते तिथपर्यंत त्यांच्यासोबत जावे. या एका फेरीत जे कळते ते कोणत्याही प्रश्नावलीत उतरत नाही. बोलताना त्या व्यक्तीशीच बोलावे, तिच्या बायकोशी, मुलाशी किंवा आईशी तिच्याबद्दल बोलू नये. आजोबांचे बोलणे अर्धांगवायूमुळे अडखळत असेल तर थांबावे, त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये.

त्याच वेळी हेही ध्यानात ठेवावे की तुमच्या सोसायटीत दिव्यांग व्यक्ती पाचच आहेत, हा अंदाज बहुधा अपुरा आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि १९९५ च्या कायद्यात असलेल्या सात प्रकारांऐवजी त्यात एकवीस प्रकार आले. कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, सिकलसेल, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मनोविकार यांचा त्यात समावेश आहे. यांतील बरेचसे बाहेरून दिसत नाहीत आणि अनेक कुटुंबे ते जाहीर करू इच्छित नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे. म्हणून यादी करण्याच्या मागे लागू नये. सूचनाफलकावर 'कोणाला इमारतीत वावरताना, सूचना समजून घेताना किंवा कार्यक्रमाला येताना काही सोय हवी असल्यास अमुक सदस्याशी बोलावे, माहिती गोपनीय राहील' एवढा मजकूर कायम लावून ठेवला तर ज्यांना बोलायचे आहे ते बोलतात. मनोविकार असलेल्या व्यक्तीच्या घरच्यांना स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या पुण्यातील संस्थेच्या मदतगटाची माहिती असावी. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि शुभंकरांनाही आपले मन मोकळे करायला जागा मिळते.

आता प्रत्यक्ष कामांकडे येतो. पहिले काम प्रवेशद्वाराचे. पुण्यातील बहुसंख्य सोसायट्यांत लिफ्टपर्यंत पोहोचण्याआधी दोन-तीन पायऱ्या असतात आणि 'आमच्याकडे रॅम्प आहे' असे म्हणून जो दाखवला जातो तो गाड्या उतरवण्याचा, चाकाच्या खुर्चीसाठी धोकादायक ठरावा इतका उभा उतार असतो. चाकाच्या खुर्चीच्या उताराचे सर्वसाधारण प्रमाण एकास बारा आहे: एक सेंटिमीटर उंची चढण्यासाठी किमान बारा सेंटिमीटर लांबी. तुमच्या तीन पायऱ्या प्रत्येकी १५ सेंटिमीटर उंचीच्या असतील तर एकूण चढ ४५ सेंटिमीटर होतो आणि रॅम्प किमान ५.४ मीटर लांब लागतो. समोर इतकी जागा नसेल तर तो इमारतीच्या भिंतीलगत काटकोनात वळवता येतो. मात्र वळणावर, तसेच वर आणि खाली, खुर्ची फिरवता येईल अशी दीड मीटर बाय दीड मीटरची सपाट जागा हवी. रुंदी १.२ मीटर ठेवावी, दोन्ही बाजूंना कठडे हवेत आणि मोकळ्या कडेला छोटा उंचवटा हवा, म्हणजे चाक घसरणार नाही. गुळगुळीत ग्रॅनाइट लावू नये. पावसाळ्यात त्यावर चालणारा माणूसही घसरतो. जागा अजिबातच नसेल तर खुर्चीसह माणसाला वर उचलणारी छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट हा पर्याय आहे, पण तिची देखभाल कोण करणार हे आधी ठरवल्याशिवाय ती बसवू नये. बंद पडलेली यंत्रे मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत आणि ती असलेल्या इमारतीत 'सोय केली आहे' असे सांगून पुढचा विचारच थांबतो.

रॅम्पइतकीच, पण फारसा खर्च नसलेली काही कामे नजरेतून सुटतात. मोठे फाटक बंद ठेवून त्यातील छोट्या दरवाजाने ये-जा होत असेल तर त्याचा उंबरा खुर्चीला अडवतो; सुरक्षारक्षकाला मोठे फाटक उघडण्याची सूचना द्यावी आणि आजोबांना ते दर वेळी मागावे लागू नये. फाटकासमोरील गटारावरच्या लोखंडी जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेने असतील तर खुर्चीचे पुढचे छोटे चाक त्यात अडकते. जाळी फिरवून आडवी बसवली की प्रश्न सुटतो. लिफ्टच्या देखभालीचा दिवस निदान दोन दिवस आधी कळवावा, कारण आजोबांची फिजिओथेरपी त्याच दिवशी असेल तर ती बुडते. लिफ्ट जनरेटरला जोडलेली आहे का, हे तपासावे. आग लागल्यावर लिफ्ट वापरता येत नाही, म्हणून प्रत्येक मजल्यावरील कोणते दोन शेजारी कोणाला खाली आणतील हे त्या व्यक्तीच्या संमतीने ठरवून एकदा सराव करावा. चाकाच्या खुर्चीसह माणूस जिन्यावरून उतरवणे सरावाशिवाय जमत नाही.

अंध गृहस्थांच्या बाबतीत लोकांना प्रथम ब्रेल आठवते, आणि लिफ्टच्या कळांवर ब्रेल व मजल्याची घोषणा हवीच. तथापि त्यांचा रोजचा त्रास बहुधा वेगळा असतो. पांढरी काठी जमिनीवरचे अडथळे शोधते. छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर पुढे आलेली वस्तू तिला लागत नाही. वाहनतळात भिंतीबाहेर आलेले वातानुकूलन यंत्र, तळमजल्यावरील बाहेर उघडणारी खिडकीची झडप, वाटेवर झुकलेली फांदी, तिरके लावलेले जिन्याखालचे लाकूड, या गोष्टींनी खरी इजा होते. त्यांच्या नेहमीच्या वाटेवर दुचाकी लावल्या जाणार नाहीत, हे पट्टे आखून आणि पाळून निश्चित करावे. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी लावली तर कमी दिसणाऱ्या ज्येष्ठांनाही आधार होतो. अंध गृहस्थांना रस्ता ओलांडून देताना त्यांचा हात धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करावा, ते तो धरून आपल्या अर्धे पाऊल मागे चालतात.

सूचनांविषयी एक गोष्ट थोडी सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण तिला एक रुपयाही लागत नाही आणि तरी ती बहुतेक सोसायट्यांत होत नाही. पाणी बंद राहणार असल्याची सूचना सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर बहुधा दोन प्रकारे येते: कागदावर लिहिलेल्या सूचनेचे छायाचित्र किंवा अध्यक्षांचा आवाजी संदेश. छायाचित्रातील हस्ताक्षर अंध गृहस्थांच्या मोबाईलमधील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली नीट वाचू शकेल याचा भरवसा नसतो आणि आवाजी संदेश कर्णबधिर जोडप्याला ऐकू येत नाही. तीच सूचना युनिकोड मराठीत टंकून पाठवली तर दोघांनाही मिळते. कर्णबधिर जोडप्यासाठी वाक्ये लहान ठेवावीत, कारण जन्मापासून किंवा बालपणापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि मराठी ते दुसरी भाषा म्हणून वाचतात. सांकेतिक भाषा म्हणजे मराठी वाक्यांचे हातांनी केलेले रूपांतर नव्हे, तिला स्वतःचे व्याकरण आहे. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झाले असून त्याच्या शब्दकोशात दहा हजारांवर संज्ञा आहेत. नमस्कार, पाणी, लिफ्ट बंद, डॉक्टर, मदत हवी का, अशा वीस-पंचवीस खुणा सुरक्षारक्षकाने आणि शेजाऱ्यांनी त्या जोडप्याकडूनच शिकाव्यात. त्यांच्या दाराची घंटा प्रकाशाने चमकणारी असावी आणि आगीच्या धोक्याच्या घंटेलाही दिवा जोडावा, हे दोन्ही तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे.

स्वमग्न तरुणाविषयी सचिवांनी फार थोडे लिहिले आहे, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे. आवाज, प्रकाश, गर्दी आणि ठरलेल्या क्रमात अचानक झालेला बदल यांचा त्रास अनेक स्वमग्न व्यक्तींना इतरांपेक्षा कित्येक पटींनी होतो. पुण्यातील गणेशोत्सवात ढोल-ताशाचा सराव सुरू झाल्यापासून विसर्जनापर्यंत अशी अनेक घरे खिडक्या लावून बसतात आणि तरुणाच्या अस्वस्थतेचा दोष आईवडिलांच्या संस्कारांना दिला जातो. सोसायटीने गणपतीचा उत्सव त्याच्यासाठी बंद करावा, असे मी म्हणणार नाही. आरतीच्या वेळेआधी अर्धा तास शांत दर्शन ठेवावे, ध्वनिक्षेपक त्याच्या खिडकीच्या दिशेने लावू नये, विसर्जनाच्या मिरवणुकीची निश्चित वेळ आईवडिलांना आधी कळवावी आणि ती पाळावी. मंडपाची, वाटेची आणि मूर्तीची छायाचित्रे आधी पाठवली तर काय घडणार आहे हे त्याला कळते आणि अनेकदा तेवढ्याने तो खाली येतो. आवाज रोखणारे हेडफोन घालून तो बसला तर ते काढायला सांगू नये. त्याला काय आवडते हे विचारून एखादे नियमित काम द्यावे: वर्तमानपत्रांची रद्दी वर्गवार लावणे, ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद, बागेला पाणी. काम खरे असावे आणि त्याच्याच नावावर असावे. त्याला बोलता येत नसेल किंवा कमी येत असेल, तर तो संवादासाठी वापरतो त्या चित्रकार्डांचा एक संच रक्षकाच्या खोलीतही ठेवावा. तो एकटा फाटकाबाहेर गेला तर कोणाला फोन करायचा, हे रक्षकांना माहीत असावे; त्याला हाताला धरून अडवू नये, शांत स्वरात थोडक्यात बोलावे.

त्याच्या आईवडिलांच्या मनात एक प्रश्न सतत असतो आणि तो ते क्वचितच उच्चारतात: आमच्यानंतर काय. या बाबतीत शेजारी फार मोठी मदत करू शकतात, पण ती भावनिक आश्वासनाने नव्हे, माहितीने आणि सोबतीने होते. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत; बँक, मालमत्ता, वैद्यकीय संमती यांत अडचण येते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्व यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. याच चार गटांसाठी निरामय ही आरोग्य विमा योजना असून तिचे वार्षिक संरक्षण एक लाख रुपयांपर्यंतचे आहे आणि नियमित उपचारपद्धतींचा खर्चही त्यात येतो. नावनोंदणीसाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. अशा अनेक कुटुंबांना हे दोन्ही ठाऊक नसते, कारण रोजची धावपळच त्यांचा दिवस संपवते. शाळेचे वय संपल्यावर तरुण घरात बसून राहतो, ही दुसरी अडचण आहे. गोखलेनगरच्या कामायनीसारख्या संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेसोबत प्रौढांसाठी कामाची व्यवस्था चालवतात आणि मुळशीतील कोळवणच्या साधना व्हिलेजमध्ये प्रौढ व्यक्तींचे निवासी जीवन पाहता येते. आईवडिलांना अशा जागा पाहायला जायचे असेल, तर त्या दिवशी त्या तरुणासोबत कोणीतरी घरी थांबण्याची तयारी दाखवणे, किंवा आईला महिन्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून त्याच्याशी हळूहळू ओळख वाढवणे, हा आधार कोणत्याही भेटवस्तूपेक्षा मोलाचा असतो.

कागदपत्रांत मदत हेही असेच काम आहे. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर करावा लागतो आणि तपासणी ससून किंवा औंधचे जिल्हा रुग्णालय अशा ठिकाणी होते. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाच्या दाखल्यावर नोकरी, शिक्षण आणि प्रवासातील अनेक सवलती अवलंबून आहेत. कर्णबधिर व्यक्तीसोबत दुभाषी म्हणून जाणे, आजोबांसाठी गाडीची व्यवस्था करणे, रांगेत उभे राहणे, ऑनलाइन अर्ज भरणे, हे निवृत्त आणि महाविद्यालयीन सभासद वाटून घेऊ शकतात. एखाद्या मुलाला अपंगत्वामुळे शाळेने प्रवेश नाकारला तर तो विषय सोसायटीपुरता नाही. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे आणि तक्रार तिथे करता येते. कायद्याने लक्षणीय, म्हणजे चाळीस टक्के किंवा अधिक, अपंगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

सोसायटीच्या फाटकाबाहेर काय आहे, हेही पाहावे. वनाज मेट्रो स्थानकात लिफ्ट आहे, फरशीवर स्पर्शाने जाणवणारे पट्टे आहेत. पण तुमच्या फाटकापासून तिथपर्यंतच्या पदपथावर खोके, वाहने किंवा आडवे खांब असतील तर त्या सोयी आजोबांच्या उपयोगाच्या नाहीत. छायाचित्रे आणि मापे जोडून कोथरूड-बावधन क्षेत्रीय कार्यालयाला सोसायटीच्या शिक्क्याने पत्र द्यावे. महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवते, त्यात हे काम नोंदवावे. एकट्या दिव्यांग व्यक्तीची तक्रार आणि १२० कुटुंबांचे पत्र यांना मिळणारा प्रतिसाद सारखा नसतो, हे दुःखद असले तरी खरे आहे, म्हणून ते पत्र लिहिण्याची जबाबदारी सोसायटीची आहे.

आता ३ डिसेंबरच्या कार्यक्रमाविषयी. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये हा दिवस जाहीर केला तेव्हापासून अनेक ठिकाणी 'प्रेरणादायी कथा' सांगण्याची प्रथा पडली आहे. मुरलीकांत पेटकर यांचे नाव पुणेकरांना अभिमानाने घ्यावेसे वाटते आणि ते घ्यावेच: १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या या सैनिकाने १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक मिळवले. परंतु ही कथा सांगून झाल्यावर 'मग तुम्ही का नाही' असा भार आजोबांवर किंवा त्या तरुणावर पडू नये. मुलांना ती सांगायची असेल, तर त्यानंतर 'आपल्या क्लबहाऊसच्या तलावात हाताने धरून उतरण्याचा कठडा आहे का' हा प्रश्नही विचारावा.

कार्यक्रम दीड तासाहून लांबवू नये. भाषणे नकोत. अंध गृहस्थांना बुद्धिबळ येत असेल आणि ते तयार असतील, तर मुलांचे सामने त्यांच्याशी ठेवता येतील. अंधांच्या पटावर काळी घरे किंचित उंचावलेली असतात आणि प्रत्येक सोंगटीच्या तळाला घराच्या छिद्रात बसणारी खुंटी असते, म्हणून पट हाताने चाचपता येतो. कर्णबधिर जोडपे खुणा शिकवणार असेल तर त्यांच्या चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश हवा आणि पाठीमागे चमकणारी रोषणाई नको. सांकेतिक भाषेचा दुभाषा बोलावावा आणि तासाहून अधिक काम असेल तर दोन. एका माणसाला सलग इतका वेळ अर्थ सांभाळून काम करणे शक्य नसते. त्यांना मानधन द्यावे. तरुणाला यायचे असेल तर त्याच्यासाठी बाजूची एक खोली शांत ठेवावी आणि तो पाच मिनिटे येऊन परत गेला तरी तो आला होता, असेच मानावे. शेवटी अध्यक्षांनी या वर्षी पूर्ण झालेली कामे, झालेला खर्च आणि राहिलेली कामे वाचून दाखवावीत.

राहिलेल्या कामांचा विषय आणि त्यासाठीची तरतूद, ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आधीच घालावी आणि तो विषय मांडण्याची विनंती या पाच जणांपैकी जो तयार असेल त्याला करावी. ती सभा पहिल्या मजल्यावरील हॉलमध्ये न घेता तळमजल्यावर, रॅम्पजवळच्या मोकळ्या जागेत घ्यावी आणि विषयपत्रिका टंकलेल्या मजकुरात सर्वांना सभेच्या पूर्ण चौदा दिवस आधी पाठवावी.